नवशाची तुला

एडवण,
९ जानेवारी २०२५

चि. नवशा,

आशीर्वाद. तू हॉस्पिटलातून घरी आलास, जिना चढलास, आता गॅलरीत फेऱ्याही मारतोस, असं शैलेशने सांगितलं. शेजारचा हा शैलेश तुझ्या धर्मेशच्याच कंपनीत कुंभवलीला कामाला जातो. म्हणून पत्र त्याच्या हाती देते आहे. मोबाईलवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरते, हे तू जाणतोसच. शैलेशच्या मोबाईलवर तुझं लिहिलेलं यायचं म्हणजे ते माझ्याआधी अख्ख्या पाड्याने वाचायचं. त्यापेक्षा कागद बरा.

मी स्वतः आले असते, पण माझा पाय अजून प्लॅस्टरात आहे. तुला हॉस्पिटलात बघून आले आणि आठवड्यात बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांडीखाली घसरून पडले. एका आईची दोन लेकरं, दोघंही एकाच महिन्यात आडवी. लोक हसतात, मीही हसते.

आता कामाचं. तू त्या काचेच्या पलीकडे नळ्या लावून पडला होतास, तेव्हा मी आपल्या देवीला नवस बोलले. माझा भाऊ उठून घरी आला तर नारळाने त्याची तुला करीन. एका पारड्यात तू, दुसऱ्यात नारळ, दांडी सरळ होईपर्यंत. मग ते नारळ गावात वाटायचे. आईने नवस करून तुला मागून घेतला म्हणून तुझं नाव नवशा पडलं. आता मीही मागून घेतलं. तुझ्यापायी देवीचा पिच्छा काही सुटत नाही.

चैत्रातल्या जत्रेला तुला करू. वाडीतले नारळ मी आतापासून बाजूला काढते आहे, कमी पडले तर शेजारून घेईन. त्यासाठी तुझं वजन कळव. बोट सोडल्यावर मच्छीमार सोसायटीत तीस वर्षं लिहिण्याचं काम केलंस, आकडा गोल करायची तुला खोड आहे. इथे गोल करू नकोस.

तुझी बाय

सरावली,
१४ जानेवारी

ती. बाय,

नमस्कार. वाकून करायची डॉक्टरांनी मनाई केली आहे, तेव्हा बसूनच केला असं समज.

माझं उत्तम चाललं आहे. दिशाचं माझ्यावर बारीक लक्ष असतं. सकाळी दुधीचा रस, दुपारी दुधीची भाजी, संध्याकाळी मुगाचं पाणी. मीठ नाही, तेल नाही, मासळीचा वास नाही. दुधीशी माझी इतकी घसट झाली आहे की वेलाने मला जावई करून घ्यावं. पण सून लेकीसारखी करते, तक्रार कशी करू? गोळ्या तळहातावर ठेवून मी गिळेपर्यंत समोर उभी असते.

वजन सदुसष्ट. लिहून ठेव.

एक सुचवतो. चैत्रापर्यंत कशाला थांबायचं? देवी काय फक्त जत्रेलाच घरी असते? माघात उरकून टाकू. धर्मेश गाडी करून आणील, तासाभराचं काम. चार माणसं असली तरी पुरे.

पायाला जप. ओट्यावर बसून बायकांना बोंबलांवरून ओरडायला पाय लागत नाही, तेव्हा धंदा बुडणार नाही याची मला खात्री आहे.

तुझा नवशा

एडवण,
२० जानेवारी

चि. नवशा,

सदुसष्ट वजनाचे नारळ म्हणजे ओटीचा एक कोपरा भरेल. तो भरायला घेतला आहे.

माघात का? घाई कसली आहे तुला? जत्रेला सगळा गाव असतो, मुंबईची पोरं येतात, सगळ्यांनी बघू दे की नवशा तांडेल उठून बसला. चार माणसांत उरकायला तू काय चोरून लग्न करतो आहेस?

शैलेशबरोबर ताजे मुडदुसे पाठवले होते. साफ करून, बर्फात घालून. ते त्याने संध्याकाळी तसेच परत आणले. म्हणाला, वहिनींनी घेतले नाहीत. मला वाईट वाटलं. तेलात घालू नका, नुसतं आमसुलाचं पातळ कालवण करा, एवढं तरी करता येईल की नाही? तू बोललास का काही, की मान खाली घालून दुधी खाल्लास? बोटीवर असताना दहा माणसांवर डाफरायचास, तो नवशा कुठे गेला?

लगेच उत्तर दे.

बाय

सरावली,
४ फेब्रुवारी

ती. आत्यांस,

दिशाचा नमस्कार. तुमच्या पत्राला बाबांनी उत्तर दिलं नाही. लिहितो, लिहितो म्हणतात आणि कागद समोर ठेवून बसून राहतात. तुम्ही काळजीत असाल म्हणून मीच लिहिते.

मुडदुसे मी परत पाठवले, राग मानू नका. माझ्या वडिलांना पहिला अटॅक आला, ते बरे होऊन घरी आले. दोन महिन्यांनी नात्यातल्या लग्नात पोटभर जेवले आणि त्याच रात्री गेले. मी त्यांना स्वतः वाढलं होतं. त्यानंतर मला ताटाची भीती वाटते. बाबांना घरी आणलं त्या दिवशी मी ठरवलं की या घरात पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही. डॉक्टरांनी तेल-मीठ कमी सांगितलं होतं, मी दोन्ही बंदच केलं. मोबाईलवर बघून अंडं, दूध, मासळी, शेंगदाणेही बंद केले. त्रास होतो त्यांना, पण फरक दिसतो. येणारा जाणारा म्हणतो, काका किती हलके झाले, हृदयावरचा भार गेला.

तुम्ही नारळ जमवता आहात असं शैलेशभाऊंनी सांगितलं, म्हणून एक दुरुस्ती करते. बाबांनी तुम्हाला सदुसष्ट सांगितलं ते दिवाळीच्या आधीचं. परवा औषधाच्या दुकानात काट्यावर उभं केलं, त्रेपन्न भरलं. तेवढेच नारळ लागतील.

आपली,
दिशा

एडवण,
७ फेब्रुवारी

चि. दिशास,

पत्र मिळालं. वाचून डोकं तापलं, तरी दोन दिवस थांबून लिहिते आहे.

नवस मी बोलले आहे, तू नाही. नारळ माझ्या वाडीचे आहेत. कमी करून तुला काय मिळणार? भाऊ सदुसष्ट म्हणतो, सून त्रेपन्न म्हणते. तीन महिन्यांत माणसाचं एवढं अंग कुठे जातं? देवीच्या देण्यात काटछाट करणारं आमच्या घरात आजवर कुणी झालं नाही. तुम्हा शहरातल्या पोरींना नवस म्हणजे जुनाट वाटत असेल, तर तसं तोंडावर सांगा.

मासळी परत पाठवलीस ते मी गिळलं. हे गिळणार नाही.

हंसा

सरावली,
११ फेब्रुवारी

ती. आत्या,

तुमचं पत्र मी धर्मेशला दाखवलं नाही. बाबांनाही नाही.

मी नवसाला जुनाट म्हणत नाही. माझ्या वडिलांसाठी मीही एक बोललेली आहे, ते माझं मला ठाऊक. मी खोटंही बोलत नाही. तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी बाबांना पुन्हा काट्यावर नेलं, तुम्हाला चुकीचं सांगितलं असेल तर माफी मागायची म्हणून. या वेळी बावन्न दाखवलं. शैलेशभाऊंच्या मोबाईलवर काट्याचा फोटो पाठवते, त्यांना दाखवायला सांगा. बाबांचे पायही त्यात दिसतात.

तुम्ही विचारलंत, माणसाचं अंग कुठे जातं. तो प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही. कमरेचा करगोटा त्यांनी दोनदा आवळून बांधला. अंघोळीला स्टुलावर बसतात. परवा पाण्याचा मग उचलताना दोन्ही हात लावले. मी हे सगळं बघत होते आणि मनात म्हणत होते, चांगलं आहे, हलके होत आहेत. मला कुणाला विचारावं कळत नाही. धर्मेश म्हणतो, आजारपणात असं होतंच.

दिशा

एडवण,
१२ फेब्रुवारी

दिशा, बाळ,

फोटो पाहिला. काट्याचा आकडा मी वाचलाच नाही, नवशाचे पाय पाहिले. ते पाय मी ओळखते, होडीच्या काठावर अनवाणी चालणारे. घोट्याचं हाड इतकं वर आलेलं मी आमच्या बापाचं पाहिलं होतं, शेवटच्या महिन्यात.

तुला नाही नाही ते बोलले. मी म्हातारी आहे, एका जागी बसून आहे, माझं डोकं सगळीकडे फिरतं आणि वाटेल तिथे आपटतं. मनावर घेऊ नकोस. तू त्याला जपते आहेस यात मला शंका नाही, जपण्यातच काहीतरी चुकतं आहे असं वाटतं. काय ते मला सांगता येत नाही. मी डॉक्टर नाही.

एवढं कर. उद्याच हॉस्पिटलात ने. धर्मेशला सुट्टी नसेल तर तू एकटी रिक्षा करून ने. डॉक्टरला हृदयाचं विचारू नकोस, तो ते सांगेलच. तू विचार, हा माणूस वाळतो का आहे? आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठू नकोस.

मला रोज वाटतं की शैलेश वाईट बातमी घेऊन दारात येईल, चप्पल काढणार नाही, नुसता उभा राहील. लवकर कळव.

हंसाआत्या

सरावली,
२५ फेब्रुवारी

ती. आत्या,

उशीर झाला. तपासण्यांसाठी तीन खेपा झाल्या.

डॉक्टरांनी आधी छाती तपासली, तिथे सुधारणा आहे म्हणाले. मग मी तुमचा प्रश्न विचारला. त्यांनी बाबांकडे नीट पाहिलं आणि आम्हाला आहार सांगणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. त्यांनी बाबांना खुर्चीवर बसवून हात न टेकता उठायला सांगितलं. बाबांनी दोनदा प्रयत्न केला. उठता आलं नाही. ते हसले आणि म्हणाले, खुर्ची खोल आहे.

मॅडम मला ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या की या वयात अटॅकनंतर वजन असं झरझर उतरलं तर जाते ती चरबी नाही, अंगातलं मांस जातं. मांस गेलं की ताकद जाते, जखम भरत नाही, साधा ताप आला तरी माणूस त्यातून उठत नाही. रक्तही कमी निघालं. मिठाचा हात आखडता ठेवा, तळलेलं नको, खारवलेली सुकी मासळी नको. पण ताजी मासळी, अंडं, डाळ, दही, थोडं तेल हे सगळं हवंच. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. म्हणाल्या, "त्यांचं हृदय सावरतंय, पण माणूस उपाशी आहे."

आत्या, मी त्यांना वाचवत होते. माझ्या हाताने वाढलेलं खाऊन एक गेले, आणि दुसऱ्यांना मी न वाढून घालवत होते. रिक्षात मला रडू आवरेना. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, तुजा काय दोष नाय. मी बोललो नाय ना तुला."

त्या दिवसापासून सगळं करते आहे. ताजी बोय मासळी आणली, अंडं उकडलं, मऊ खिचडीवर चमचाभर तूप घातलं. पण ते दोन घास घेतात आणि ताट सरकवतात. आता मी वाढते आणि ते खात नाहीत. काय करू?

दिशा

सरावली,
३ मार्च

ती. बाय,

दिशाने तुला सगळं लिहिलं, ते मला कळलं. आता माझं ऐक.

मी सदुसष्ट खोटं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तू प्लॅस्टरासकट इथे येऊन बसली असतीस. गाल बसले तशी कवळी सैल झाली, भाकरी चावताना ती टाळ्यापासून सुटून जिभेवर येते. म्हणून दिशाची पाठ वळली की अर्धं ताट मी गॅलरीतून कावळ्यांना घालत होतो. सरावलीचे कावळे मात्र चांगले पोसले गेले. दिशाला हे सांगितलं नाही, कारण वाढताना तिला तिचे वडील आठवतात, ते मला रोज दिसतं. तिला काय सांगू, की तू करतेस ते मला जात नाही?

आता ताटात मासळी येते आणि मला भूकच नाही. पूर्वी मुडदुशाच्या वासाने मी नाक्यावरून घर ओळखायचो, आता वास येतो आणि काही वाटत नाही. बाय, मी आयुष्यभर भरती-ओहोटी पाहिली आहे. पाणी मागे जायला लागलं की मला कळतं.

म्हणून पुन्हा सांगतो, नारळांची तुला उरकून घे. शिमग्याआधी. माणूस गेला आणि नवस राहिला तर तो बोलणाऱ्याच्या मानेवर बसतो, हे आपण दोघांनी आईच्या तोंडून ऐकलं आहे. तू माझ्यासाठी बोललीस. ते ओझं तुझ्या मानेवर टाकून मला जायचं नाही. तू या वयात, बहिऱ्या कानांनी, मोडक्या पायाने एकटी देवीला तोंड देत बसशील, या विचाराने मला झोप येत नाही. माघात उरकू म्हणालो तेव्हापासून हेच सांगायचं होतं, थट्टेत सांगत राहिलो.

वजन कमी आहे, तुझे नारळही वाचतील.

नवशा

एडवण,
७ मार्च

नवशा,

तर ही घाई होती.

मग माझंही ऐकून घे. जत्रा, गाव, मुंबईची पोरं, हे मी सगळं तुला सांगितलं ते खरं नव्हतं. मला ती तुला करायचीच नव्हती. नवस बोलले त्याच दिवशी मी मनात ठरवलं होतं की देणं लांबवायचं. जोवर देवीचं येणं माझ्याकडे आहे तोवर ती तुला कुणाला हात लावू देणार नाही, असा माझा हिशेब होता. चैत्र आला असता तर मी पायाचं कारण काढलं असतं, मग पावसाचं, मग नारळ किडल्याचं. तू सोसायटीत हिशेब लिहिलेस, पण असला हिशेब तुला जमला नसता.

काल पुजारी ओटीवर आला होता. तुझं वजन त्याच्याही कानावर गेलं आहे. म्हणाला, बाय, आताच उरका, थोडक्यात भागेल. मी त्याला म्हणाले, "मी देवीला फसवनार नाय. बोलले तवा माजा भाऊ भरलेला होता. तसा झाला का मग बगू." तो चहा पिऊन गेला.

ओहोटीच्या गोष्टी मला सांगू नकोस. समुद्रावर जायचं तुला दर पहाटे मन होत होतं काय? थंडीत कुडकुडत, शिव्या घालत जायचास. वेळ झाली म्हणून जायचास. तसाच ताटावर बस. भूक नाही हे कारण मला चालत नाही. कवळी सैल आहे तर नवी कर, तोवर माशाचा काटा काढून भातात कालवून खा. लहानपणी मीच तुला तसं भरवलं आहे, लाजायचं काही नाही.

आणि तुला जायची फारच घाई असेल तर देवीला तू स्वतः जाऊन सांग. मी मध्ये पडणार नाही.

नवशा, मला फार भीती वाटते. गावात मला आजी म्हणतात, काकी म्हणतात, पोरं मागून थेरडी म्हणतात. बाय म्हणणारा तू एकटा उरला आहेस. तू गेलास तर त्या नावाने मला कुणी हाक मारणार नाही, आणि ऐकू न येणारे माझे कान त्याच हाकेवर अडून बसले आहेत. मानेवर ओझं राहू दे. मला ते जड नाही. तू नसशील ते जड आहे.

जेव.

बाय

एडवण,
२१ मार्च

नवशा,

शिमगा गेला, पत्र नाही. शैलेश म्हणतो ठीक आहेत. त्याचं ठीक मला पुरत नाही. दिशाही लिहीत नाही. प्लॅस्टर काढलं, काठी घेऊन दारापर्यंत जाते आणि परत येते. बोंबील वाळून भरायला आले आहेत, माझं लक्ष लागत नाही, बायका मनाला येईल तसं करतात. एक ओळ पाठव. लिहिता येत नसेल तर दिशाला सांगून ती ओळ लिहून घे.

बाय

सरावली,
२ एप्रिल

ती. बाय,

तुझी दोन्ही पत्रं उशाशी आहेत. उत्तर द्यायचं तर काहीतरी खरं द्यावं म्हणून थांबलो.

पहिले दोन आठवडे मी घड्याळ बघून जेवलो. तू म्हणालीस तसा, वेळ झाली म्हणून, मनात शिव्या घालत. दिशाला सांगितलं, समोर उभी राहू नकोस, बस आणि माझ्याबरोबर जेव. पहिल्या दिवशी तिला घास उतरेना, मग मीच ते थट्टेवारी नेलं. आता आम्ही दोघं एकत्र बसतो. धर्मेश दुसऱ्या पाळीला असतो तेव्हा तर घरात आमचंच राज्य. नवी कवळी लागली आहे, अजून थोडी टोचते. खुर्चीवरून एका हाताने उठतो, दुसरा हात हवेत असतो, एवढी प्रगती.

काल दिशाने मांदेली आणली होती. आमसूल घालून पातळ कालवण आणि भात. मी खाली मान घालून जेवत होतो, नेहमीसारखा. आणि ताट रिकामं झालेलं मला दिसलं, बाय. मी ते संपवलं नव्हतं, ते संपलं होतं. मी दिशाला विचारलं, "अजून हाय काय?"

ती आत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मला वाटलं, कालवण संपलं असेल आणि पोरीला सांगायला संकोच होत असेल. मग ती डोळे पुसत आली, टोपच हातात घेऊन. मी पुन्हा जेवलो. नंतर हात धुवायचंही विसरून आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.

जत्रेला येईन. धर्मेश गाडी करतो म्हणाला आहे. पण पुजाऱ्याला सांग, तराजू काढायचा नाही. तुझं देणं राहू दे थकलेलं. मला आता घाई नाही.

तुझा नवशा